इंजिन थांबल्यानंतरची चार मिनिटं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या भागातल्या कितीतरी मुलामुलींना यंत्रांची गोडी लावली. त्यांचे काही विद्यार्थी पुढे विमानं दुरुस्त करू लागले, काही उडवू लागले. म्हणूनच आजचा विषय मला इथे बोलावासा वाटला. एकाच इंजिनाचं छोटं विमान हवेत असताना इंजिन बिघडलं, तर वैमानिकाने काय करायचं? हा वैमानिकांचाच प्रश्न आहे असं तुम्हाला वाटेल. पण बारामती, धुळे, नागपूर या भागांत शिकाऊ विमानं उडत असतात. त्यातलं एखादं उद्या तुमच्या रानात उतरलं, तर सगळ्यांत आधी तुम्हीच तिथे पोचणार आहात. तेव्हा शेवटी थोडं तुमच्यासाठीही बोलेन.

सुरुवात १९३० सालापासून करतो. इंग्लंड आणि भारत यांमधलं अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून बसले होते, कारण इंजिनाला लागणारे स्पार्क प्लग त्यांच्याजवळ नव्हते. टाटांनी आपले जादा प्लग त्यांना काढून दिले. अस्पी मार्गाला लागले आणि बक्षीसही त्यांनीच जिंकलं. हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. ही गोष्ट आपण खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून सांगतो, आणि सांगावीच. मला मात्र त्या जादा प्लगांचं महत्त्व वाटतं. इंजिन वाटेत दगा देणार, हे त्या पिढीने गृहीत धरलेलं होतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून टपाल आणून जुहूला उतरवलं, तेही पुस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून. आजचं इंजिन त्या इंजिनापेक्षा किती तरी भरवशाचं आहे. त्यामुळेच ते थांबतं तेव्हा आजचा वैमानिक बेसावध सापडतो.

आधी एक मोठा गैरसमज दूर करू. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येत नाही. विमानाला हवेत धरतात ते पंख, आणि पंखांना हवा असतो वेग. इंजिन चालू असेपर्यंत तो वेग पेट्रोलमधून मिळतो. इंजिन थांबलं की तो उंचीतून काढायचा. घाट उतरताना सायकलचं पायडल मारणं थांबवलं तरी सायकल धावत राहते, तसंच. सेसना १७२ हे जगातलं सर्वांत जास्त बनवलं गेलेलं विमान घ्या. त्याच्या १७२ एस या प्रकारात पूर्ण वजनाला ६८ नॉट वेग धरला, तर ते एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. म्हणजे जमिनीपासून ३,००० फुटांवर इंजिन गेलं, तर वारा नसताना आठेक किलोमीटरच्या त्रिज्येतली कुठलीही जागा वैमानिकाच्या आवाक्यात असते आणि हातात चार मिनिटांच्या आसपास वेळ असतो. चार मिनिटं पुष्कळ झाली. फक्त ती तरंगण्यात मिळालेली असतात, आणि वेग सोडला की त्याच क्षणी संपतात.

म्हणून पहिलं काम एकच: विमानाचं नाक खाली आणायचं आणि तो ठरावीक वेग पकडायचा. ऐकायला सोपं वाटतं. मी प्रशिक्षक म्हणून विद्यार्थ्यांशेजारी बसायचो, तेव्हा पुरेशा उंचीवर न सांगता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणारी कळ, मागे ओढायचो आणि विद्यार्थ्याच्या चेहऱ्याऐवजी मनगटाकडे बघायचो. आवाज उतरला की मनगट आवळलं जातं आणि योक, म्हणजे नियंत्रणाची दांडी, कळत-नकळत अंगाकडे येऊ लागतो. जमीन खाली आहे, तेव्हा वर जायला हवं, हे शरीर परस्पर ठरवून टाकतं. वेगाचा काटा पंचाहत्तरवर असतो, सत्तरवर येतो, पासष्टवर येतो. विद्यार्थी मात्र इंजिनाच्या घड्याळांकडे बघत असतो. मी काही बोलायचो नाही. काटा आणखी थोडा उतरू द्यायचो आणि मग त्या काट्यावर बोट टेकवायचो. हातातला तो ताण विद्यार्थ्याला स्वतःला जाणवला, की तो पुढच्या वेळी सुटतो. पुस्तकातून तो सुटत नाही.

वेग साधला की दुसरं काम जागा हेरण्याचं, आणि मग, उंची हाताशी असेल तरच, इंजिन पुन्हा चालू होतं का ते पाहण्याचं. हा क्रम कुणी उलटा लावू नये. आता इंजिन का थांबतं, हेही पाहू. छोट्या विमानाच्या इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. बॅटरी पूर्ण उतरली तरी इंजिन चालत राहतं. एक मॅग्नेटो बिघडला तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. इतकी काळजी घेऊन बनवलेलं यंत्र पुष्कळदा ज्या कारणाने थांबतं, ते फार साधं असतं: त्याला पेट्रोल मिळत नाही. कधी टाकी खरोखर रिकामी झालेली असते. कधी एका टाकीत पेट्रोल शिल्लक असतं, पण टाकी निवडणारा खटका दुसऱ्या, संपलेल्या टाकीवर असतो. सेसनाच्या खटक्याला दोन्ही टाक्या एकदम उघडण्याची सोय आहे. पायपरच्या विमानांत डावी किंवा उजवी, एकच निवडावी लागते. पायपरवाल्याने इंजिन खोकलं की आधी टाकी बदलायची.

कधी पेट्रोलात पाणी असतं. उड्डाणाआधी वैमानिक पंखाखाली वाकून पारदर्शक कपात थोडं पेट्रोल काढतो, ते तुम्ही पाहिलं असेल. तो कप उजेडात धरायचा असतो. विमानाचं १०० एलएल पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी त्याहून जड, म्हणून ते तळाशी बसतं, रंगहीन थेंबासारखं, आणि कप हलवला की गोळीसारखं घरंगळतं. पण कप पूर्ण पाण्यानेच भरला असेल, तर पाणी आणि पेट्रोल यांमधली रेघ दिसत नाही. सगळं एकसारखं स्वच्छ दिसतं आणि घाईतला माणूस फसतो. निळा रंग दिसला का, हे म्हणून मुद्दाम बघायचं. आणि कप नाकाशी न्यायचा, कारण पिस्टन इंजिनात चुकून जेटचं इंधन भरलं गेलं असेल, तर त्याचा रॉकेलसारखा वास लपत नाही. पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाला हा कप दोनदा लावला तरी चालेल. शंका आली तर नमुना निळा येईपर्यंत काढत राहायचं, आणि तो येईना तर त्या दिवशी उड्डाण नाही.

आपल्याकडे ज्याचा विचार होत नाही असं आणखी एक कारण म्हणजे कार्ब्युरेटरमधला बर्फ. महाराष्ट्रात बर्फ कुठून येणार, असं विद्यार्थी विचारतात. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि तिथेच पेट्रोलची वाफ होते. या दोन्हींमुळे तिथलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा तीसेक अंशांनीही खाली येऊ शकतं. बाहेर पंचवीस अंश आणि हवा दमट असेल, म्हणजे कोकणातली नेहमीचीच हवा असेल, तरी त्या गळ्यात बर्फ धरू शकतो. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात, काही दुखत नसलेल्या आजाऱ्यासारखे. वैमानिक थ्रॉटल थोडा पुढे सारतो, आणखी थोडा पुढे सारतो, आणि रोग झाकला जातो. उपाय म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ पूर्ण ओढायची. मग बर्फ वितळून ते पाणी इंजिनात जातं, फेरे आणखी उतरतात आणि इंजिन खडखडतं. इथे घाबरून कळ परत ढकलणारे पुष्कळ. ती तशीच ओढून ठेवायची. खडखड थांबते आणि फेरे वर येतात.

आता मी ज्यासाठी उभा आहे त्या मुद्द्याकडे वळतो. उंचीवर इंजिन गेलं तर वेळ मिळतो. उड्डाण करून दोन-तीनशे फुटांवर असताना गेलं, तर तो मिळत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी धावपट्टी पाठीमागे, अगदी जवळ असते. वळून परत जावं असं प्रत्येकाला वाटतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने आपल्या हस्तपुस्तिकेत याचा हिशेब मांडला आहे. ३०० फुटांवर इंजिन बंद पडलं. काय झालं हे उमगायला चार सेकंद गेले. वैमानिक सेकंदाला तीन अंश या नेहमीच्या दराने वळू लागला. अर्धं वर्तुळ पूर्ण झालं तेव्हा तो धावपट्टीच्या रेषेपासून ४,२०० फूट बाजूला होता, म्हणून धावपट्टीकडे तोंड करायला आणखी ४५ अंश वळावं लागलं. एकूण ७९ सेकंद. मिनिटाला हजार फूट या दराने तो तेवढ्यात १,३१६ फूट खाली आला. त्याच्याजवळ होते ३००.

यावर विद्यार्थी म्हणतात, मग जोरात वळू. जोरात वळायचं म्हणजे विमान जास्त कलवायचं, आणि कललेल्या पंखांना जास्त वेग लागतो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं, म्हणजे पंखांचा आधार गमावणारं विमान ४५ अंश कललं की साठाच्या आसपास स्टॉल होतं, ६० अंश कललं की सत्तरला. हाताशी तर मूळचेच पासष्ट. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर केलेलं असतं. वळून आल्यावर तोच वारा पाठीवर येतो. कमी उंचीवर, कललेल्या अवस्थेत विमान स्टॉल झालं की एक पंख खाली जातो आणि ते फिरत खाली येतं. समोरच्या शेतात, झुडपात, मैदानात विमान सरळ नेलं असतं तर ते मोडलं असतं आणि माणसं बहुधा चालत बाहेर आली असती. वळताना स्टॉल झालेल्या विमानातून फार थोडे बाहेर येतात.

वेळेचा हा हिशेब मोठ्या विमानालाही चुकत नाही. जानेवारी २००९ मध्ये पक्ष्यांचा थवा शिरून दोन्ही इंजिनं गेलेलं एअरबस कॅप्टन सलेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलं आणि सर्वच्या सर्व १५५ जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर पाहिलं गेलं. पक्षी धडकताक्षणी वळलेल्या काही वैमानिकांना विमानतळ गाठता आला. समजून घेऊन निर्णय घ्यायला ३५ सेकंद धरले, तेव्हा गाठता आला नाही. खऱ्या माणसाला ते सेकंद लागतातच.

मार्च २०१५ मध्ये अभिनेते हॅरिसन फोर्ड लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकाहून १९४२ सालच्या रायन जातीच्या जुन्या विमानातून निघाले. थोडं वर जातात तोच इंजिनाचा जोर गेला. त्यांनी परत येण्याची परवानगी मागितली, पण उंची पुरणार नाही हे वेळीच ओळखलं आणि जवळच्या गोल्फच्या मैदानावर विमान नेलं. झाडाला घासून ते आदळलं. फोर्ड गंभीर जखमी झाले, पण बचावले. कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा एक लहानसा भाग सैल होऊन निघाला होता, असं तपासात आढळलं. खांद्यावरचा पट्टा नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे इजा वाढली, हेही आढळलं. दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांनी या दुसऱ्या ओळीवर जास्त वेळ थांबावं असं मला वाटतं. इंजिन तपासताना सगळ्यांचं लक्ष इंजिनावर असतं. पट्ट्याचा बोल्ट कोण बघतो?

इंजिन पूर्ण बंद पडण्यापेक्षाही वाईट प्रसंग एक आहे, आणि त्यावर शिकवताना फारच कमी बोललं जातं. इंजिन चालू असतं, पण अर्धवट. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २००० ते २०१० या काळातल्या, एका इंजिनाच्या छोट्या विमानांच्या उड्डाणानंतरच्या घटना तपासल्या. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५ घटना होत्या. त्यात एकही जीव गेला नाही. इंजिनाचा जोर अर्धवट गेल्याच्या २४२ घटना होत्या, आणि त्यातल्या नऊ घटनांमध्ये माणसं गेली. इंजिन पूर्ण गेलं तर माणसं वाचतात आणि अर्धं चालू असलं तर मरतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबलो होतो. मग उलगडत गेलं. इंजिन पूर्ण गेलं की वैमानिकापुढचा प्रश्न संपतो. समोर जी जागा आहे तिथे उतरायचं. अर्धं चालू असलं की आशा शिल्लक राहते. कदाचित धावपट्टी गाठता येईल, कदाचित विमान वाचेल, कदाचित उद्या कुणाला जाब द्यावा लागणार नाही. या आशेपोटी तो नाक थोडं वर धरतो, उंची राखायला बघतो, वेग गमावतो, आणि वळू लागतो.

माझं सगळं म्हणणं या एका जागेवर येऊन थांबतं. इंजिन बिघडलं त्या क्षणापासून विमान वाचवायची जबाबदारी वैमानिकाची राहत नाही. ती विमा कंपनीची. त्याने फक्त माणसं वाचवायची. पण विमान वाचवायचा हट्ट हवेत सोडता येत नाही, तो जमिनीवरच सोडून निघावा लागतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी, धावपट्टीवर चाकं लावण्यापूर्वी, वैमानिकाने मोठ्याने बोलून दाखवायचं असतं: चाकं जमिनीवर असताना बिघाड झाला तर थ्रॉटल बंद आणि ब्रेक. हवेत असताना, पुढे धावपट्टी शिल्लक असेल तर तिच्यावरच उतरायचं. धावपट्टी संपली असेल तर समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे. या उंचीखाली परत वळायचं नाही. ती उंची आकड्यात सांगायची. इंजिन अर्धं चालू राहिलं आणि विमान चढेना, तर ते आता कुठल्याही क्षणी पूर्ण जाणार असं धरायचं आणि आवाक्यातली जागा सोडायची नाही. एकटं उडतानाही हे मोठ्याने म्हणायचं. रिकाम्या सीटला सांगताना संकोच वाटतो, पण तोंडून निघालेलं वाक्य गरजेच्या वेळी हाताला आठवतं.

अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचा अपघात मी दरवर्षी वर्गात सांगायचो. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातला माँटेरे उपसागर. विमान लाँग-ईझी, घरगुती बांधणीचं. ते बांधणाऱ्याने पेट्रोलचा खटका मूळ आराखड्यातल्या जागेऐवजी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. दुसरी टाकी उघडायची तर उजवा हात नियंत्रणावरून काढून अंग डावीकडे पिळावं लागे, आणि अंग पिळताना आधारासाठी उजवा पाय आपसूक पेडल दाबे. तपास करणाऱ्यांनी हेच निदान केलं: खटक्याकडे लक्ष आणि हात गेले, उजवं पेडल दाबलं गेलं आणि विमान समुद्रात पडलं. आधी पुरेसं पेट्रोल भरलं असतं तर तो खटका फिरवायची वेळच आली नसती, हेही तपासात नोंदलेलं आहे. इंजिन चालू करण्याची धडपड विमान उडवण्याच्या आड आली की काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

जागा कशी निवडायची, हे मात्र देशावरच्या वैमानिकाला आपल्या मातीवरच शिकावं लागतं. परदेशी पुस्तकातली हिरवळ इथे नाही. वरून ऊस मऊ गालिच्यासारखा दिसतो; तो माणसाच्या दुप्पट उंच असतो आणि विमान त्यात शिरलं की खालचं काही दिसत नाही. नुकतंच काढणी झालेलं सोयाबीनचं रान, ज्वारीचं धसकटाचं रान, हे त्याहून बरं. नांगरलेलं रान असेल तर तासांच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. आडव्या तासात पुढचं चाक अडकून विमान पालथं होतं. ओल्या काळ्या मातीत तर ते होणारच, असं धरून चालावं. बांध वरून रेघेसारखे दिसतात, पण दोन-तीन फूट उंच असतात. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. खांब दिसला की त्याच्या दोन्ही बाजूंना तार आहे असं समजायचं. विहिरींशी आणि पंपांशी तार असतेच. रस्ता मोह पाडतो, पण त्याच्या कडेने तारा, झाडं आणि वर माणसं असतात.

वारा कुठून आहे, हे साखर कारखान्याच्या धुराड्यावरून कळतं, वीटभट्टीच्या, गुऱ्हाळाच्या धुरावरून कळतं, तळ्याच्या पाण्यावरून कळतं. उतरायचं ते वाऱ्याच्या तोंडावर, आणि त्याचं कारण आकड्यांत पाहा. विमान ६० नॉटने येतंय. समोरून १५ नॉट वारा असेल तर जमिनीच्या मानाने वेग ४५. तोच वारा पाठीवर असेल तर ७५. आदळण्याची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्यात ती पावणेतीन पटींहून जास्त होते. छोटी विमानं अशी बांधलेली असतात की समोरून गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट धक्का बसला तरी आतली माणसं तगावीत. तेवढ्या धक्क्यात ताशी ८० किलोमीटर वेगाचं विमान साडेनऊ फुटांच्या आसपास थांबू शकतं. ताशी १६० असेल तर सदतीस-अडतीस फूट लागतात. म्हणून जागा लांबरुंद नसली तरी चालते. वेग शक्य तितका कमी आणि शेवटपर्यंत ताबा, एवढं हवं. पंख झाडांना धडकून तुटले तर तुटू द्यावेत. तो धक्का तरी केबिनला बसत नाही.

टेकायच्या आधीची तयारी लहान असते, पण तिचा क्रम चुकू नये. सेसनाचे फ्लॅप, म्हणजे पंखांमागून खाली येणाऱ्या झडपा, विजेवर चालतात. म्हणून आधी फ्लॅप, मग मास्टर स्विच बंद. पेट्रोल बंद, मॅग्नेटो बंद. आणि दाराची कडी उघडी, कारण आदळल्यावर सांगाडा वाकला तर दार अडकतं. रेडिओवर मेडेची हाक तीनदा, ट्रान्सपाँडरवर ७७०० हा संकटाचा संकेत, पण हे सगळं वेग आणि जागा साधल्यावर. रेडिओवर बोलून विमान तरंगत नाही.

आग लागली तर नियम बदलतो. तिथे इंजिन पुन्हा चालू करायचं नसतंच. पेट्रोल तोडायचं, वीज बंद करायची, केबिनमध्ये हवा आणणारे मार्ग बंद करायचे आणि सेसना १७२ एस असेल तर १०० नॉटपर्यंत वेग वाढवून ज्योत विझते का ते पाहत खाली यायचं. दोन इंजिनांच्या विमानांबद्दल थोडंच सांगतो. दुसरं इंजिन हे वरदान तेव्हाच, जेव्हा वैमानिक एका इंजिनावर कमी वेगात विमान फिरू देत नाही. नाहीतर चालू इंजिनच त्याला उलथवतं. आणि दोन्ही इंजिनंही जाऊ शकतात. मे २०१६ मध्ये पाटण्याहून दिल्लीला निघालेलं रुग्णवाहिका विमान नजफगडजवळच्या शेतात उतरलं. आतले सातही जण वाचले. तिथेही वाचवलं ते शेतानेच.

अमेरिकेच्या सिरस कंपनीने तर विमानालाच पॅराशूट लावलं. छतातलं हँडल ओढलं की रॉकेटच्या जोरावर छत्री उघडते आणि अख्खं विमान तिला लटकून खाली येतं. सुरुवातीच्या वर्षांत हँडल हाताशी असूनही ते न ओढता वैमानिक मेले. विमान वाचवता येईल असं त्यांना वाटत होतं. मग कंपनीने आणि मालकांच्या संघटनेने प्रशिक्षण बदललं: शंका आली की ओढा, लवकर ओढा. त्यानंतर छत्रीखाली सुखरूप उतरणारे वाढले. यंत्र तेच होतं. बदलली होती ती विमान सोडून द्यायची तयारी.

आपल्याकडे खासगी परवान्याला ४० तास आणि व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. त्या २०० तासांत इंजिन बंद पडल्याचा सराव होतो, पण तो सांगून होतो, ठरलेल्या जागी होतो आणि जवळजवळ नेहमी इंजिन पूर्ण बंद धरूनच होतो. प्रशिक्षण संस्थांकडे माझी मागणी आहे की अर्धवट जोराचा सराव द्या. थ्रॉटल पूर्ण मागे न ओढता निम्म्यावर ठेवा आणि विद्यार्थी काय ठरवतो ते बघा. शेतात विमान उतरवून परत आलेल्या मुलामुलीला पहिला प्रश्न नुकसानीचा विचारू नका. तो प्रश्न एकदा विचारला की पुढच्या तुकडीतला प्रत्येकजण तो डोक्यात घेऊन उडतो, आणि धावपट्टीकडे वळताना त्याच प्रश्नाला उत्तर देत असतो.

जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला सेसना १५२ जातीचं शिकाऊ विमान शेतात आदळलं. विद्यार्थिनी एकटीच होती आणि थोडक्या जखमांवर निभावली. आसपासचे लोक लगेच धावले. अशा वेळी काय करायचं, ते आता सांगतो. पुढच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, हात लावू नका आणि त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नका; थांबलेला दिसला तरी मॅग्नेटो चालू असेल तर हाताच्या धक्क्याने तो एकदा झपकन फिरू शकतो. पंखांत पेट्रोल असतं आणि ते गळत असतं, तेव्हा विडी नाही, चूल नाही, जवळ ट्रॅक्टर आणायचा नाही. विमान पालथं असेल तर आतला माणूस पट्ट्याला लोंबकळत असतो. आधी त्याला खालून उचलून धरा, मगच पट्टा सोडा, नाहीतर तो मानेवर पडतो. आगीचा धोका नसेल आणि तो बोलत असेल, तर ओढाताण न करता १०८ला फोन करून थांबा. धूर किंवा ज्वाळा दिसली तर मात्र क्षणभरही थांबू नका, बाहेर काढा. विमानाच्या पाठीवर पॅराशूट किंवा रॉकेटचा इशारा रंगवलेला असेल, तर त्या भागापासून दूर राहा.

आणि माणसं बाहेर आली की विमानातल्या कुठल्याही कळीला, खटक्याला हात लावू नका. पेट्रोलचा खटका कुठल्या टाकीवर होता, थ्रॉटल किती पुढे होता, कार्ब्युरेटरची गरम हवा ओढलेली होती का, यांवरूनच तपास करणाऱ्यांना कारण सापडतं. फोटो काढायला चढलेल्या एका पोराच्या गुडघ्याने खटका फिरला, तर पुढच्या वैमानिकाला उपयोगी पडणारं उत्तर गेलं. पोलीस पाटलांनी चार बांबू रोवून दोरी बांधावी आणि तपास अधिकारी येईपर्यंत कुणालाही आत सोडू नये.